चष्म्याचा ल

एमिलियाला 'ळ' म्हणता येत नसे. तक्रार म्हणाल तर एवढीच. पण एमिलिया पहिलीच्या वर्गाची बाई होती, वर्गाच्या भिंतीवर कमळाचं भलंमोठं चित्र होतं, आणि ज्या इमारतीत ती रोज सकाळी यायची तिचं नावच मुळी शाळा होतं. ती 'शाला' म्हणायची.

गोष्ट १९६८ सालची. अंधेरीच्या पूर्वेला, जोगेश्वरीच्या अंगाला जुनं गावठाण आहे. तिथल्या चर्चच्या मागे आमची मराठी प्राथमिक शाळा होती. चार वर्ग, चार बायका. पहिली आणि दुसरी एकाच लांब खोलीत भरत, मध्ये लाकडी फळ्यांची आडभिंत. मी दुसरीला शिकवत असे. एका फळीची गाठ निखळून पडली होती आणि तिथे रुपयाएवढं भोक होतं. त्यातून पहिलीचा वर्ग दिसायचा. ऐकू यायला भोकाची गरज नव्हती.

एमिलिया त्याच गावठाणातली. तिच्या घरची भातशेती कारखान्यांच्या वसाहतीत गेली होती, आणि नवरा कॉस्मस त्यातल्याच एका कारखान्यात फिटर होता. 'आमच्याच शेतात जातो कामाला, फक्त आता वर पत्रा हाय,' असं ती सांगे. घरी फ्रॉक घालायची, शाळेत पाचवारी साडी. साडीचा आणि तिचा जन्मजात परिचय नसल्यामुळे ती निऱ्यांना, पदराला, खांद्याला मिळून सात पिना लावायची. मी एकदा मोजल्या होत्या. सात पिना लावून ती जमिनीवर मांडी घालून बसे, एक्केचाळीस पोरांच्या मधोमध, आणि एकही पिन सुटत नसे.

पहिली म्हणजे काय असतं, ते ज्यांनी लांबून पाहिलंय त्यांना ती गोड वाटते. मी भोकातून पाहिली आहे. जूनमध्ये अर्धा वर्ग रडत असतो आणि उरलेला अर्धा त्यांच्याकडे बघून रडायचं की नाही ते ठरवत असतो. कुणी पाटीवरची पेन्सिल खातं. कुणी थुंकीने पाटी पुसतं, आपली संपली की शेजारच्याची थुंकी मागतं. एक मुलगी डबा उघडून त्याच्याशी बोलत बसते. या सगळ्यातून एमिलिया दिवाळीपर्यंत त्यांना आडव्या रेघा, तिरप्या रेघा, चिंचोके मोजून वीसपर्यंत आकडे आणि बरीचशी अक्षरं शिकवून मोकळी व्हायची. हात असा की फळ्यावर तिने काढलेला 'अ' छापल्यासारखा दिसे. वर्गातली सगळी कामं तिने पोरांना वाटून दिली होती. हजेरी गोळा करायला डेनिस. फडकं ओलं करून आणायला लता. खडूला एक, खिडकीला एक. सकाळी ती विचारायची, 'फडक्याला कोन?' की लता उठून उभी राही, जणू तिला कलेक्टर नेमलं होतं.

बोलण्यात मात्र ती गावठाणाचीच होती. गावठाणात 'ळ' नव्हता, कधीच नव्हता. डोला, कालोख, मासोली, सगलं. 'ण'चीही तीच गत, पण तिकडे वरिष्ठांचं लक्ष जायचं होतं.

'ळ'कडे ते गेलं बारा सप्टेंबरला, गुरुवारी. तपासनीस साहेब आले. उंच, बारीक, काळ्या काड्यांचा चष्मा, हातात गुंडाळलेली छत्री. त्यांनी छत्रीचं टोक भिंतीवरच्या चित्राला लावलं.

"हे काय आहे रे?"

"कमल!" एक्केचाळीस आवाज.

"शाबास," एमिलिया म्हणाली.

"कमळ," साहेब म्हणाले.

"हो साहेब. कमल."

"क-म-ळ."

"तेच तर. क-म-ल."

पोरांना वाटलं नवा खेळ निघालाय. साहेबांनी "कमळ" म्हटलं की ती आनंदाने "कमल" ओरडायची. चार वेळा असं झाल्यावर साहेबांनी छत्री खाली ठेवली आणि शेरेबुक मागवलं.

शेरा असा होता: शिक्षिकेचे उच्चार सदोष. तीन महिन्यांत सुधारणा न झाल्यास पहिलीचा वर्ग दुसऱ्या शिक्षिकेकडे द्यावा, व यांना शिवण-हस्तव्यवसाय द्यावा.

दुसरी शिक्षिका म्हणजे मी.

इथे मला माझी बाजू सांगितली पाहिजे, नाहीतर पुढे मी जे काही केलं ते मैत्रीपोटी केलं असा समज होईल. मैत्री होतीच. पण मला पहिली नको होती. मी वांद्र्याच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेले. माझं मराठी लग्नानंतर सासूबाईंनी पक्कं केलं, आणि एकोणसाठ की एकोणसत्तर यात मी आजही क्षणभर थांबते. रडणारं पोर समोर आलं की मला वाटतं आपणही रडावं. दुसरीत मुलं रडून संपलेली येतात, हे माझं सुख होतं.

मुख्याध्यापिका जोसेफीनबाईंनी आम्हा दोघींना ऑफिसात बोलावलं. जोसेफीनबाई मढच्या, त्याही घरात 'ल'वरच वाढलेल्या. पण पुण्याला दोन वर्षं ट्रेनिंग करून आल्या होत्या, आणि तिथून त्यांनी असा खणखणीत 'ळ' आणला होता की तो म्हणताना टेबलावरची टाचणी हलायची.

"एमिलिया, मी शिकले ना? मग तुला काय झालं? रोज मधल्या सुट्टीत अनुपमाबाई तुला शिकवतील. डिसेंबरात साहेब परत येतील. शिवणवर्ग पाहिजे का तुला?"

"मना सुई ओवता नाय येत," एमिलिया म्हणाली.

"मग 'ळ' म्हणायला शिक."

बाहेर आल्यावर एमिलिया मला म्हणाली, "अनुपमा, शिवन गेलं खड्ड्यात. पन पहिली नको जायला. मोठी पोरं मना समजत नाय गं. ती बघतात ना माज्याकडे, तवा मना वाटतं माजी साडी सुटली."

असा आमचा वर्ग सुरू झाला. क्राफ्टच्या खोलीत, पुठ्ठे आणि गोंदाच्या वासात, रोज वीस मिनिटं.

"जीभ वर ने. वर. आता मागे वळव. टाळूला लाव. आता सोड. ळ."

"ल."

"मागे वळव म्हटलं ना."

"वलवली की."

"वळवली असतीस तर 'वळवली' म्हणाली असतीस."

"ही जीभ माज्या तोंडात हाय का तुज्या? मी सांगते ना वलवली."

मी आरसा आणला. तिने तोंड उघडून आरशात पाहिलं आणि मला विचारलं की मागची दाढ काळी दिसते का. कॉस्मसने गरम पाण्याच्या गुळण्या सुचवल्या. कारखान्यातल्या कुणीतरी त्याला सांगितलं होतं की तोंडात बोर ठेवून बोललं की जीभ वळते. एमिलियाने दोन दिवस बोरं खाल्ली. दिवाळीची सुट्टी गेली. शाळा परत सुरू झाली, तरी 'ळ' नाही.

त्यात क्षमाचे वडील आले. क्षमा पहिलीत होती, नव्या कॉलनीतली. वडील मार्तंडराव सचिवालयात होते आणि बोलताना प्रत्येक वाक्याला एक टाचण लावत. ते जोसेफीनबाईंच्या समोर बसले आणि मला साक्षीदार म्हणून उभं ठेवलं.

"बाई, माझी तक्रार लेखी आहे, पण तोंडीही सांगतो. आमची मुलगी सकाळी आजीला म्हणाली, 'आजी, तुझी जपाची माल कुठे?' मातोश्री म्हणाल्या, माल? आपलं काय दुकान आहे? दुपारी म्हणाली, 'मला गूलपोली वाढ.' गूलपोली! हा पदार्थ आमच्या घराण्यात झालेला नाही."

"ती घरी नीट बोलायची ना आधी?" जोसेफीनबाईंनी विचारलं.

"शाळेत घालण्यापूर्वी उत्तम बोलायची," मार्तंडराव म्हणाले. मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं, आणि ते आणखी रागावले.

एमिलियाला हे कळलं तेव्हा ती हसली नाही. मला वाटलं होतं हसेल. ती म्हणाली, "पोरांची जीभ मी बिघडवते म्हंजे. मना येत नाय ते नाय, पन त्यांचं कशाला जायला पाहिजे?" त्या दिवशी तिने बोरं न खाता सबंध वीस मिनिटं प्रयत्न केला. आवाज आला तो 'ड'सारखा. दोघींनी तो 'ळ'च धरावा का यावर चर्चा केली आणि नको असं ठरवलं.

आठ नोव्हेंबर, शुक्रवार, अकरा वाजून वीस मिनिटं. ही वेळ मी लिहून ठेवली आहे, कारण मी साक्षीला होते. एमिलियाने घरून गूळ-शेंगदाणे आणले होते. गुळाचा एक चिकट खडा तिच्या टाळूला जाऊन बसला, अगदी मागे. ती जिभेच्या टोकाने तो सोडवायला गेली आणि तोंडातच म्हणाली, "हा मेला गूळ—"

आम्ही दोघी थांबलो.

"काय म्हणालीस?"

"गूळ," ती म्हणाली. डोळे एवढाले झाले. "अनुपमा! गूळ! गूळ, गूळ, गूळ!"

गूळ विरघळला तरी 'ळ' राहिला. शाळा. बाळ. कमळ. सगळं आलं. ती उठून पुठ्ठ्यांच्या ढिगाभोवती फिरली, मला मिठी मारली, तिची एक पिन मला टोचली. मी जोसेफीनबाईंना जाऊन सांगितलं. त्यांनी पुण्याच्या ट्रेनिंगबद्दल दोन शब्द बोलून घेतले. मी त्या शनिवारी निवांत झोपले. पहिली टळली होती.

सोमवारी सकाळी मी दुसरीला बेरजा घालत होते. पलीकडून एमिलियाचा स्पष्ट, उत्साही, नवा आवाज आला:

"मुळांनो, ओळीत उभे राहा!"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी भोकाला डोळा लावला.

"ळता, फडकं ओळं करून आन."

लता जागची हलली नाही. "बाई, मी ळता नाय. लता."

"तेच म्हनाळे मी. डेनिस, हजेरी घे. हातात पेन्सिळ कशाळा? खाळी ठेव."

एका रविवारात एक्केचाळीस मुलांचे एक्केचाळीस मुळे झाले होते. जीभ एकदा मागे वळली ती पुढे यायलाच तयार नव्हती. जिथे म्हणून 'ल' दिसेल तिथे एमिलिया 'ळ' लावत होती, कंजूषपणा न करता. फूळ, ळाळ, मुळगी, बैळ. पोरं तर पोरंच. दुपारपर्यंत सगळा वर्ग तसंच बोलू लागला. बुधवारी मार्तंडराव परत आले. क्षमाने आजीला देवासाठी 'ळाळ फूळ' आणून दिलं होतं. या खेपेला ते ओरडले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "बाई, आमचं आधीचं जे होतं ते परत मिळेल का?"

जोसेफीनबाईंनी एमिलियाला बोलावून सांगितलं, "हे ताबडतोब बंद. आधीचं बरं होतं."

पण आधीचंही आता धड राहिलं नव्हतं. एमिलियाला कोणत्याही शब्दाशी पोचलं की दोन्ही वाटा दिसायच्या आणि ती मध्येच थांबायची. पुढचे तीन दिवस पलीकडून आवाजच आला नाही. मी भोकातून पाहिलं तर ती फळ्यावर चित्र काढायची, बोट दाखवायची, पोरं सांगायची, ती मान हलवायची. नेहमी वर्गाच्या मधोमध बसणारी बाई टेबलामागे जाऊन बसली होती. मधल्या सुट्टीत मी क्राफ्टच्या खोलीत गेले तर ती आली नाही. शोधलं तर पायरीवर बसली होती.

"साहेबांना बोलाव लवकर," ती म्हणाली. "तोंड उघडायची भीती वाटते गं. असं कसं शिकवायचं? देऊन टाक मना ती सुई."

मी म्हटलं, "मला पहिली नको आहे, एमिलिया. मी मरेन." हे सांत्वन नव्हतं, पण खरं होतं, आणि तिला हसू आलं.

चौथ्या दिवशी पलीकडून हसण्याचा गलका ऐकू आला. मी माझ्या वर्गाला पाढा म्हणायला लावून भोकाशी गेले. एमिलियाने फळ्यावर 'ळ' काढला होता, हातभर मोठा. मग त्याच्या दोन्ही वाटोळ्यांत एकेक डोळा काढला. अक्षर शिरोरेघेला टांगलेल्या चष्म्यासारखं दिसत होतं, आणि आता त्यातून कुणीतरी बघत होतं.

"दोन ल हायत," ती सांगत होती. तिची जुनी जीभ परत आली होती; तिने ती परत बोलावली होती. "एक साधा ल. एक चष्म्याचा ल. चष्म्याचा मना म्हनता येत नाय. लिवता येतो. कुठल्या शब्दाला चष्मा हाय नि कुठल्याला नाय, ते आपन बघायचं. डोला?"

"चष्मा!" पोरं ओरडली.

"का?"

"डोल्यालाच चष्मा असतो!" डेनिस म्हणाला.

"शाला?"

"चष्मा! वाचायला लागतो!"

"फूल?"

लता विचार करून म्हणाली, "फुलाला कशाला? त्याला वासाने कलतं."

"फल?"

"पिकलं का ते बघायला पाहिजे. चष्मा!"

त्या आठवड्यात मराठी भाषेतल्या अर्ध्या वस्तूंची नजर तपासून झाली. वेलीला चष्मा नाही, ती आंधळी चढते. वेळेला आहे, घड्याळ बघायला. कालला नाही, कारण गेलेला दिवस काय बघायचा. काळ्याला आहे, कारण काळोखात दिसत नाही. मुलाला नाही, अजून लहान आहे. मुळ्याला आहे, तो जमिनीत असतो. कारणं सगळी बिनबुडाची होती आणि एकही पोर विसरत नव्हतं. गावठाणातल्या मुलांना दोन्ही 'ल' कानाला सारखेच ऐकू येत. त्यांना आता कानाची गरज उरली नव्हती.

आणि उच्चाराचं तिने असं केलं: वर्गात ज्यांना 'ळ' येत होता त्यांच्यात क्षमाचा सर्वांत स्वच्छ होता. गूलपोलीच्या प्रकरणानंतर घरी आजीने तो घासूनपुसून घेतला होता. एमिलियाने तिला स्टुलावर उभं केलं. शब्द फळ्यावर एमिलिया लिहायची, म्हणायची क्षमा, आणि वर्ग क्षमाच्या मागून म्हणायचा. सकाळच्या कामांच्या वाटपात एक काम वाढलं.

"हजेरीला कोन?"

"डेनिस!"

"फडक्याला?"

"लता!"

"उच्चाराला?"

"क्षमा!"

मार्तंडरावांना हे कळलं तेव्हा ते तिसऱ्यांदा शाळेत आले. या वेळी पेढे घेऊन. मुलीची नेमणूक झाली होती.

सतरा डिसेंबरला, मंगळवारी, साहेब आले. तोच चष्मा, तीच छत्री. डिसेंबरात छत्री कशाला हे मला अजून कळलेलं नाही. जोसेफीनबाई त्यांच्या मागे उभ्या, हाताची घडी घट्ट. मी माझ्या वर्गाला हातावर डोकं ठेवून झोपायला सांगितलं आणि भोकाशी जाऊन बसले. एमिलियाच्या सात पिनांवर त्या दिवशी आठवी होती.

"बाई, शुद्धलेखन घाला," साहेब म्हणाले. "तुम्हीच घाला."

एमिलियाने सरळ पहिला शब्द घातला. "बाल," ती म्हणाली.

साहेबांच्या भुवया चष्म्याच्या वर आल्या.

"शाला. वेल झाली, त्यातली वेल. फूल. डोला."

जोसेफीनबाईंनी डोळे मिटून घेतले. मीही मिटले असते, पण मला एकच डोळा उपलब्ध होता.

साहेब पाट्या बघत फिरू लागले. पहिली पाटी: बाळ, शाळा, वेळ, फूल, डोळा. दुसरी तशीच. तिसरी तशीच. एकाने 'फूल'च्या शेजारी फूल काढलं होतं. साहेबांनी चालणं हळू केलं. एक्केचाळीसपैकी अडतीस पाट्या बिनचूक. उरलेल्या तिघांतल्या एकाने पेन्सिल खाल्ली होती.

"बाई, तुम्ही 'बाल' म्हणालात."

"हो साहेब."

"मुलांनी 'बाळ' लिहिलं."

"हो साहेब."

"हे कसं?"

एमिलिया काही बोलण्याआधी साहेबांनीच हात वर केला. "थांबा. मी घालतो." आणि मुलांकडे वळून म्हणाले, "लिहा. विळी."

विळी कुणी शिकवली नव्हती. एक्केचाळीस पेन्सिली हवेत थांबल्या. आणि मग डेनिस उठला, साहेबांकडे सरळ बघत त्याने विचारलं, "साहेब, हिला चष्मा हाय काय?"

साहेबांचा हात आपल्या चष्म्याकडे गेला. "कुणाला?"

"विलीला."

"विळीला चष्मा?"

"मी सांगते," लता म्हणाली. "आई विलीवर मासली कापते ना, नजर हटली तर बोट जातं. हाय चष्मा." आणि सगळ्या वर्गाने खाली वाकून लिहिलं: विळी.

साहेबांनी मग आणखी तीन शब्द घातले. मधूनच 'पाल' घातला. पाल भिंतीवर उलटी चालते, चष्मा पडेल, असा निर्णय होऊन सर्वांनी साधा ल काढला. साहेब खुर्चीत बसले. त्यांनी खरोखरच आपला चष्मा काढून पुसला, आणि पोरांनी हे फार लक्ष देऊन पाहिलं.

"लेखन ठीक आहे," ते म्हणाले. "ठीक म्हणजे, चांगलं आहे. पण बाई, गेल्या वेळचा शेरा लेखनाचा नव्हता. उच्चाराचं काय?"

आता खरा प्रश्न आला होता. एमिलियाने पदर सावरला. मला वाटलं ती 'कमळ' म्हणायचा प्रयत्न करील आणि सगळं ओमफस होईल. तिने तो केला नाही. ती शांतपणे म्हणाली, "उच्चाराला क्षमा, साहेब."

साहेबांचा चेहरा एकदम निवळला. इतकी नम्र माफी त्यांना कुठल्या शाळेत मिळाली नसावी. "अहो, क्षमा कसली मागता, बाई," ते म्हणाले, "माणूस प्रयत्न करतो—"

"हजर!" म्हणत क्षमा उठली, पुढे आली आणि स्टुलावर चढली. परकर सारखा केला. "बाळ!"

"बाळ!" "बाल!" वर्ग म्हणाला, निम्मा असा, निम्मा तसा.

"शाळा!"

"शाळा!" "शाला!"

साहेब तिच्याकडे बघत राहिले. मग एमिलियाकडे. "ही कोण?"

"क्षमा, साहेब. उच्चाराला हीच असते."

आडभिंतीपलीकडे मी पदराचा बोळा तोंडात घातला होता. जोसेफीनबाई खिडकीबाहेर बघत होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. साहेबांनी मोठ्या कष्टाने तोंड सरळ ठेवलं.

"आणि बाई म्हणताना चुकल्या तर, क्षमा?"

"आम्ही सांगतो," क्षमा म्हणाली. "मग बाई परत म्हणतात. तरी येत नाही. मग आम्ही पुढे जातो."

"रागावत नाही कुणी?"

"कशाला?" क्षमाला प्रश्नच कळला नाही. "डेनिसला पण सात येत नाही. उलटा काढतो. त्याला पण बाई रागावत नाहीत."

साहेबांनी शेरेबुक मागवून बराच वेळ लिहिलं, एक ओळ खोडली, परत लिहिली. चहाला थांबले नाहीत. जाताना दारात वळून वर्गाला "नमस्ते" म्हणाले, आणि डेनिसने शेजाऱ्याला विचारलेलं सगळ्यांना ऐकू गेलं, की नमस्तेला चष्मा आहे का.

साहेब फाटकाबाहेर गेल्याबरोबर आम्ही तिघी शेरेबुकावर वाकलो. जोसेफीनबाईंनी मोठ्याने वाचलं:

"शिक्षिकेचे उच्चार पूर्वीइतकेच सदोष असून सुधारणेची आशा दिसत नाही. वर्गाचे लेखन या विभागात मी पाहिलेल्या पहिलीच्या वर्गांत सर्वोत्तम. उच्चारांची व्यवस्था वर्गाने स्वतः केलेली आहे. पहिलीचा वर्ग यांच्याकडेच ठेवावा."

एमिलियाने वही आपल्याकडे ओढून घेतली आणि बोट ठेवून स्वतः वाचलं. शेवटच्या वाक्याशी ती खूप वेळ थांबली. मग बोट परत वर नेलं.

"आशा दिसत नाय," ती म्हणाली. "असं लिवलंय ना? सरकारी सहीने?"

"त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस," मी म्हटलं.

"वाईट? अगं, आता मधल्या सुट्टीत जीभ वलवायला नको ना? मना भूक लागते त्या टायमाला."

जोसेफीनबाईंनी काहीतरी शिस्तीचं बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात पहिलीच्या वर्गातून कुणीतरी ओरडलं, "बाई, बालनं शू केली! साहेब होते तवापासून धरून ठेवली होती!"

बाळ हा पोस्टमनचा मुलगा, सहा वर्षांचा, फार सभ्य. एमिलियाने वही माझ्या हातात कोंबली, पदर कमरेला खोचला आणि आत पळाली. मी तशीच उभी राहिले. बादली सरकल्याचा आवाज आला, मग एमिलियाचा, "रडू नको रे राजा, साहेबांना पन झाली असेल," मग एक्केचाळीस जणांचं हसणं.

ते ऐकताना मला इतकं हायसं वाटलं की माझी दुसरी अजून हातावर डोकं ठेवून झोपली आहे, हे मला पुढची दहा मिनिटं आठवलंच नाही.